चौथं नख

प्रिय चिमणे,

तुझं पत्र आणि फोटो मिळाला. पुढच्या महिन्यात लग्न, अंगठी बोटात, आणि हिरा चांगला की वाईट हे कसं ओळखायचं, ते तू मावशीला आत्ता विचारतेस! वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

तरी सांगते. दुकानाच्या दिव्याखाली हिरा बघूच नये, तिथे बाटलीची काचही चमकते. खिडकीशी जावं, सुटा खडा पांढऱ्या कागदावर पालथा ठेवावा आणि पिवळी झाक दिसते का ते पाहावं. आकाराला भुलू नये. पैलू नीट पाडलेले असले तर लहान खडाही जिवंत दिसतो. नाहीतर मोठा असूनही मेल्या माशाच्या डोळ्यासारखा. आणि भिंगातून कडा बघाव्यात. आतला बारीक ठिपका एक वेळ चालेल, कडेचा तडा नाही. ठोकर बसली की तुकडा उडतो.

हे शहाणपण सांगणारी तुझी मावशी वीस वर्षं हिरे बसवते आणि त्यातली निम्मी वर्षं तडे झाकते. हिरा धरून ठेवायला अंगठीत सोन्याची चार नखं असतात. तड्याची बाजू एका नखाखाली घ्यायची आणि तेवढं नख जाड करायचं. आमचे मालक याला लाडाने 'पांघरूण' म्हणतात. पुढे गिऱ्हाइकाला तोंड वर करून सांगतात, अगदी आरशासारखा स्वच्छ आहे हो! ऐकून शिसारी येते मला. पण नोकरी सोडली नाही, हेही खरं.

मागच्या महिन्यात एक तरुण आला. मालकांनी त्याच्यापुढे दोन खडे ठेवले, एक लहान पण निर्मळ, दुसरा दुप्पट मोठा पण तडा गेलेला. तडा त्याने स्वतः भिंगातून पाहिला, मालकांकडून पांघरुणाची युक्ती ऐकली, आणि मोठाच उचलला. मग माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, मावशी, पांघरूण जरा जाड घाला, तिला काय कळतंय! मी हसले गं. त्याच्याबरोबर मीही हसले. त्याची किळस येते त्याहून जास्त मला माझीच येते.

तुझ्या फोटोत चौथं नख जाड आहे. ते मीच घडवलंय. आणि तुझ्यामागे उभा आहे, तो तोच आहे. लग्न कर की मोडून टाक, हे मी कुठल्या तोंडाने सांगू? एवढंच कर. अंगठी काढून त्याच्या हातात दे आणि तडा कुठे आहे ते विचार. त्याला शोधावा लागणार नाही.

तुझीच, तोंड लपवत असलेली,
मावशी