समोर कोण

उस्ताद, तुम्ही गेल्यानंतर ह्या हातांनी काय काय केलं ते आधी सांगतो, कारण भेटलात की तुमचा पहिला प्रश्न तोच असायचा, "काय बनवायलास?" लोखंडी गेटं एकशे चौदा. गोठ्यांचे सांगाडे एकतीस. पेडगावच्या शाळेच्या सगळ्या खिडक्या, आणि एकही खिडकी पावसाळ्यात अडकत नाही. मळणीयंत्रांचे मोडलेले दात किती जोडले ते मात्र मोजलेलं नाही. तुम्ही असताना केलेलं वेगळं: तुमच्या मैदानावरचा दोर चढायचा खांब, लांब उडीच्या खड्ड्याची चौकट, उंची मोजायचे खांब दोन, त्यातला पहिला चुकलेला. आणि तो फलक. वेल्डिंग मला कुणी शिकवलं नाही, अक्षरं रंगवायला कुणी शिकवलं नाही, डिक्शनरी घेऊन इंग्रजी एकट्यानं वाचायला शिकलो. हे तुम्ही चारचौघांत सांगायचात तेव्हा मी खाली बघायचो, पण कान तिकडेच असायचे. आज लिहायला बसलो ते त्या फलकासाठी. त्याच्या शेवटच्या रकान्याचं मी काय केलं, हे तुमच्याशिवाय कुणाला सांगावं ते सुचत नाही.

चुकलेल्या खांबाचं तुम्हाला आठवत असेल. मैदानावर चिखल होतो म्हणून आपण मुरूम टाकला, आणि पट्टी होती तिथंच राहिली. पाय बोटभर वर आले, म्हणजे उंची बोटभर वाढली. त्या खांबाला मी स्वतः एकशे सत्तर सेंटिमीटर भरत होतो, भरतीला लागते तेवढी उंची. भरतीला गेलो, तिथल्या माणसानं डोक्यावर आडवी पट्टी ठेवली, एकदाच बघितलं आणि म्हणाला, "पुढचा." रेल्वेनं परभणीला परत आलो आणि थेट मैदानावर. तुम्ही रागावला नाहीत. खांबापाशी उकिडवे बसलात, बोट मुरमात खुपसलंत आणि म्हणालात, "कमी तू न्हाईस पडलास. शून्य कुठं हाय ते बघितलं न्हाईस." दुसऱ्या दिवशी मी शहाबादी फरशी बसवली, पाणसळ लावून, आणि पट्टीचा शून्य फरशीवर टेकवला. तो दुसरा खांब अजून उभा आहे. त्या एका बोटानं माझी नोकरी गेली आणि मला धंदा लागला, असं मी लोकांना हसत सांगतो. हसू तेवढं खरं नसतं.

फलकाची कल्पना माझी होती. वीस वर्षं दलात काढून तुम्ही परत आलात, पोरांना भरतीच्या तयारीसाठी फुकट पळवत होतात, पण निवड झाली की गावात बॅनर लागायचा, "भारतीय सैन्यात निवड". गुलाल, हलगी, ट्रॅक्टरवरून मिरवणूक. तुम्ही बॅनरवाल्याकडं जाऊन अक्षरं बदलून घ्यायचात. "सैन्य वेगळं, आमी वेगळं. आमी निमलष्करी." लोक म्हणायचे, वर्दी तीच, बंदूक तीच, फौजी काय कटकट लावलीय. म्हणून मी ठरवलं की एकदाच लिहून टाकू: जगात अशी दलं कुठं कुठं आहेत, किती आहेत, काय करतात. परभणीच्या वाचनालयात महिना घालवला. आठ बाय चारचा पत्रा, अँगलची चौकट, चार रकाने: देश, संख्या, कुणाच्या हाताखाली, काम. संख्येच्या रकान्यानं मला छळलं. एका पुस्तकात एक आकडा, दुसऱ्यात त्याच्या दुप्पट, कारण एकानं राखीव माणसं धरली होती, दुसऱ्यानं नव्हती. एकीकडं तटरक्षक ह्यात मोजलेले, दुसरीकडं वगळलेले. फ्रान्समध्ये, इटलीत खेड्यांतला पोलीस बंदोबस्त अशा दलाकडं आणि ते दल मोजायचं सैन्यात. कोस्टा रिकानं तर सैन्यच मोडून टाकलं. कुठं राजाला स्वतःच्या सैन्याचीच धास्ती म्हणून वेगळं दल पोसलेलं. मी ते आकडे रंगानं न लिहिता पेन्सिलीनं लिहिले, उद्या खोडता यावेत म्हणून. ते तुम्हाला आवडलं होतं.

फलक दाखवायला तुम्हाला बोलवायला आलो तो दिवस डोळ्यांपुढं आहे. काकू जाऊन वर्ष झालेलं, तुम्ही चुलीपुढं बसून स्वतः भाकरी थापता आहात. भाकरी गोल होत नाही, तुम्ही तिला गोल करत बसत नाही. मी ऐटीत सांगतो आहे, कोणत्या देशात सैन्यापेक्षा असली दलं मोठी. तुम्ही विचारता, "आकडा मोठा म्हंजे काय समजायचं?"

"देश बळकट," मी म्हणतो.

"न्हाई. मंग सरकारला घरातलीच भीती लय."

मग तव्यावरची भाकरी तशीच ठेवून तुम्ही ते सांगितलंत. कुठलं राज्य ते सांगितलं नाहीत, मी विचारलं नाही. रस्त्यावर माणसं, तुम्ही दहा जण एका ओळीत, बोली कळत नाही. एक म्हातारी पुढं येऊन तुमच्या तोंडाकडं बघून काहीतरी बोलते आहे, शिव्या असतील किंवा पाणी मागत असेल. हुकूम झाला. "माझी गोळी कुणाला लागली का, मला माहीत न्हाई. दहा जणांनी झाडल्या. म्हणून तर दहा जणांना झाडायला लावतात." भाकरी करपली. ती तुम्ही तशीच खाल्लीत आणि मला म्हणालात, "तुझ्या पत्र्यावर एक रकाना कमी हाय. समोर कोण, ते लिव्ह."

तो लिहायला मला चार महिने लागले. समोर तस्कर, समोर शेजारचं सैन्य, समोर पुराचं पाणी, समोर संपावरचे कामगार, समोर स्वतःचेच लोक. आपल्या देशाच्या नावापुढं ह्यातलं बरंच काही आलं. मग तुम्ही नियम केलात: पोराच्या अर्जाला हात लावायच्या आधी त्यानं तो रकाना मोठ्यानं वाचायचा, आईबापाला शेजारी उभं करून. राणीसावरगावचा एक बाप म्हणाला होता, "फौजी, पोरगं भरती व्हायलंय का कीर्तनाला बसायलंय?" तुम्हीही हसला होतात. पण वाचून घेतलंत. तीन पोरं वाचून परत गेली. एक पुढं कंडक्टर झाला.

आता खरं सांगतो. तुम्ही गेलात आणि मैदान माझ्या गळ्यात पडलं. पोरं परभणीतल्या फीच्या क्लासकडं वळायला लागली. तिथं भिंतीवर नुसते हसरे फोटो. त्याच राणीसावरगावच्या माणसाचं धाकटं पोरगं आलं तेव्हा बाप म्हणाला, "मामा, मोठ्याच्या टायमाला वाचलं की. त्याच्या मायनं आठ दिवस अन्न सोडलं हुतं. आता पुन्यांदा कशाला?" मी करड्या रंगाचा डबा आणला आणि शेवटचा रकाना झाकून टाकला. दोन हात दिले, ब्रशची रेघ दिसू नये म्हणून. काम म्हणून बघितलं तर ते निर्दोष झालं होतं.

तो धाकटा लागला. पाच वर्षांनी नोकरी सोडून परत आला. आल्यावर मैदानावर येऊन फलकासमोर उभा राहिला, करड्या पट्ट्यावर नखानं खरवडत. मी चहा मागवला, त्यानं घेतला नाही.

"दादाला वाचायला लावलं हुतं तुमी," तो म्हणाला. "मला न्हाई."

"तुझे वडीलच नको म्हणाले."

"पत्र्याचे मालक वडील हायत का?"

 तिकडं त्याच्यासमोर कोण होतं ते त्यानं कधीच सांगितलं नाही. हल्ली तो बापाच्या शेतावर असतो, माणसांत येत नाही, समोर कुणी उभं राहिलं की बाजूला सरकतो. वाचलं असतं तर तो गेला नसता, असं मी म्हणत नाही. मोठा गेलाच की, आणि बरा आहे. पण निवडायची संधी त्याची होती, ती मी ब्रशनं घेतली. रंग काढायला मला नऊ दिवस लागले, कारण खालची अक्षरं जाऊ द्यायची नव्हती. तरी दोन देशांची गेली. ती पुन्हा लिहिली, पण जुन्या अक्षरांशी जुळली नाहीत.

गेल्या आठवड्यात परभणीतल्या एका क्लासचे मालक गाडी घेऊन आले. माणूस अदबशीर. फलकाभोवती फिरले, सांधे बघितले, कुठं शिकलात म्हणून विचारलं. त्यांच्या सगळ्या शाखांत असाच फलक हवा आहे, फक्त शेवटचा रकाना नको. "पोरं बिचकतात हो, काका." मी नाही म्हणालो.

हे पत्र कुठंच जाणार नाही, हे मला कळतं. वेल्डिंगच्या कांड्यांच्या डब्यात पडून राहील. म्हणून त्यात एक लिहून ठेवतो: नाही म्हणालो, पण का ते त्यांना सांगितलं नाही. त्या धाकट्याचं नाव जिभेवर आलं आणि मी म्हणालो, खांदा दुखतो, आता रंगकाम होत नाही. ते हळहळले आणि गेले. त्यांनी देऊ केलेलं काम असं होतं: बारा फलक, शेवटचा रकाना सोडून, प्रत्येकी पस्तीस हजार. चार लाख वीस हजार रुपये.