दोन नंबरचं झाड

१२ ऑक्टोबर

ती. दादास,

नमस्कार. तो वयाला आहे. बाकीचं पत्र रागाचं आहे. फोनवर आवाज चढला असता, म्हणून लिहिते.

तू पाठवलेला फोटो पाहिला. खाली "आज्ञेप्रमाणे छाटणी केली" असंही लिहिलंस. माझा बिस्मार्क पाम गुडघ्याइतका ठेवलास! दादा, पाम म्हणजे जास्वंद नव्हे. जास्वंदीचा शेंडा उडवला तर बाजूने चार फुटतात. या पामला वाढीचा कोंब एकच, खोडाच्या टोकाला. तो गेला की झाड संपलं. उरलेल्या बुंध्याला कितीही पाणी घाल, काही फुटणार नाही.

कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी ते बी तेलाच्या डब्यात लावलं. चार महिने तू रोज विचारायचास, तुझा दगड उगवला का. पाचव्या महिन्यात सुईसारखा कोंब आला. त्याला नऊ वर्षं झाली.

कापडाला कात्री लावण्याआधी तू तीनदा माप घेतोस. इथे एकदा विचारावंसंही वाटलं नाही? बाही उलटी लागली तर उसवता येते. हे उसवता येत नाही.

आईला नमस्कार. तुझ्यावरचा लोभ तूर्त तहकूब.

तुझी धाकटी


२० ऑक्टोबर

इंजिनियरीणबाईंस,

आशीर्वाद, मागितला नसलास तरी.

पत्र आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, दोघांनाही एकेक ठेवून द्यावीशी वाटते.

सोबत तुझाच नकाशा परत पाठवतो. कुंपणालगत पाच गोल, पाच आकडे, झाडांची नावं नाहीत. खाली तुझ्या अक्षरात: "क्र. २, गुडघ्याइतका ठेवून वरचा भाग कापणे." मी पायरीवर उभा राहून मोजलं. घरातून बाहेर पडणारा माणूस घरापासूनच मोजणार. या कागदावर घर कुठे आणि फाटक कुठे, एवढं मला दाखव.

विचारलं नाही म्हणतेस. मे महिन्यात खताचं विचारलं होतं. तुझं उत्तर जपून ठेवलंय: लिहिलंय तेवढंच कर, स्वतःचं डोकं चालवू नकोस. नाही चालवलं. करवत घेऊन दहा मिनिटं उभा होतो. आई मागून ओरडत होती, अरे, हे तिचं लाडकं. मी म्हटलं, गिऱ्हाइकाने माप दिलंय, शिंप्याने वाद घालू नये.

नऊ वर्षं तुझी, कबूल. त्यातली पाच वर्षं पाणी कोणी घातलं? दर रविवारी फोन करून पानं मोजायला लावतेस. माझी पाठ दोन महिने धरलीये, ती कधी विचारलीस?

बुंधा काढलेला नाही. तुझं पत्र येऊनही रोज पाणी घालतो, मूर्खासारखा.

तुझा राग निवला की कळव. माझा आत्ताच चढलाय.

दादा


२७ ऑक्टोबर

ती. दादास,

नमस्कार.

नकाशा समोर ठेवून बराच वेळ पाहिला. फाटक दाखवलेलं नाही. मी फाटकापासून मोजलं होतं. जास्वंद कापायची होती. कामावर हाताखालच्या कुणी असलं रेखाटन आणलं तर मी ते परत करते, वर चार शब्द ऐकवते. चूक माझी आहे. हे वाक्य आधी दोनदा लिहून खोडलंय, ते तुला दिसेलच.

तरी राग गेलेला नाही. करवत हातात घेऊन दहा मिनिटं उभा होतास, फोन खिशात होता. मी खेकसले असते, पण झाड वाचलं असतं. तू फोन का केला नाहीस, ते मला कळतं. त्याचाच जास्त राग येतो, आणि तो तुझ्यावर नाही.

पाणी घालणं थांबव. बुंध्याला हात लावू नकोस. शनिवारी येते, मी खणीन. तुझ्या पाठीला ते झेपणार नाही. वाकताना दुखते की बसल्यावर? नीट कळव.

बिस्मार्कच्या दोन बिया मिळाल्यात. तेलाचा डबा धुऊन ठेव. कुठे लावायच्या ते तू ठरव.

आईला सांग, ती एकेक ठेवून द्यायची आहे, त्यातली माझी राखून ठेव.

नकाशा पाठवत नाही.

तुझी धाकटी