झारी, कंबर आणि निळी रानफुलं

तीर्थस्वरूप वहिनींस,

धाकट्या दिराचा शिरसाष्टांग नमस्कार. तुमचे गुडघे ताळ्यावर असतील आणि दादा वेळेवर गोळ्या घेत असतील (नसतील, ठाऊक आहे), अशी आशा करतो.

तुम्ही पाठवलेल्या माळावरच्या रानफुलांच्या बियांचं काय झालं, असं तुम्ही दोनदा विचारलंत आणि दोन्ही वेळा मी हवापाण्याबद्दल लिहिलं. आता कबूल करतो. पुडीवर तुम्ही ठळक लिहिलं होतं, रुजल्यावर पाणी घालू नये, यांना कोरडंच मानवतं. पण वहिनी, बत्तीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात व्हॉल्व्ह फिरवलेल्या माणसाला हे सांगणं म्हणजे आजीला नातवंडं उपाशी ठेवायला सांगण्यासारखं आहे. पहिली रोपं मी उघडपणे बुडवली, दुसरी पहाटे चोरून. मुळं कुजली. दोष मी आधी मातीवर आणि मग शेजारच्या मांजरावर ढकलला.

इकडे तुमच्या जाऊबाईंनी सोसायटीच्या सभेत शब्द देऊन ठेवलेला, की फाटकाजवळच्या पट्ट्यात सहा महिन्यांत फुलं आणि फुलांवर मधमाश्या दिसल्या नाहीत, तर खुशाल पेव्हर ब्लॉक घालून गाड्या लावा. आमचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर (समोरच्यानं आ वासून गप्प बसायची त्यांना सवय). त्यांनी ब्लॉकचा नमुना जिन्यात आणूनही ठेवला. ही रोज त्याला ठेचकाळायची. मला फार वाईट वाटायचं, आणि वाईट वाटलं की माझा हात झारीकडे जायचा.

शेवटची चिमूटभर बी पेरली. रोपं वीतभर झाली आणि त्यांच्यासाठी भरलेली बादली उचलताना माझी कंबर लचकली. महिनाभर झोपून राहायचा हुकूम झाला. रोपांना कुणी थेंबभर पाणी दिलं नाही, आणि वहिनी, ती अशी तरारली की काय सांगू. पट्टा निळाशार झालाय. हिनं माझी खाट खिडकीला लावून दिली, तिथून मी मधमाश्या मोजतो (काल चहापर्यंत एकेचाळीस, एखादी दोनदा धरली असेल). परवाच्या सभेआधी अध्यक्ष स्वतः ओणवे होऊन बघत होते. एक गुबगुबीत काळी माशी त्यांच्या नाकावर बसून, विचार करून, फुलावर गेली, तरी ते हलले नाहीत. मग जिन्यातला ब्लॉक त्यांनीच उचलून नेला. ही घरी येऊन तोंडावर पदर धरून हसली, मग थोडी रडली. मीही.

दादांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
(तूर्त आडवा) धाकटा दीर

ता. क. कंबर दहा दिवसांपूर्वीच बरी झाली. हिला सांगितलेलं नाही. उठलो की झारी हातात येणार, आणि बी धरायला अजून महिना आहे. तेव्हा दादांना बरं नाही असं काहीतरी कळवून मला महिनाभर तिकडे बोलावून घ्या. पडून पडून पाठ दुखायला लागलीय.

ता. क. दुसरा. ताई, पत्र पेटीत टाकायला माझ्याकडेच दिलं, म्हणून मीही दोन ओळी लिहिते. कंबर बरी झाल्याचं मला पहिल्याच दिवशी कळलं. मी खाली फुलांपाशी गेले की हे उठून खिडकीत उभे राहतात, मी जिना चढायला लागले की पुन्हा आडवे. त्यांना बोलावू नका. माझ्या शब्दाखातर धडधाकट माणूस पडून राहतो, हे मला आणखी महिनाभर बघायचंय.