साडेपाचची थाळी

२ मे, गुरुवार. वलगाव.

आले एकदाची! बार्शीटाकळीहून अकोला, अकोल्याहून अमरावती, तिथून ऑटो. अंगातलं सगळं पाणी वाटेतच गेलं, पण जागा पाहून जीव हरखला. वलगावच्या पुढे, कपाशी निघून गेलेल्या काळ्या वावरांत, पांढरी दोन मजली इमारत. मानसिक रुग्णांचं खासगी निवासी केंद्र. रुग्ण एकतीस, नर्स दोन, त्यातली एक मी; दुसरी महिनाभर रजेवर. स्वतंत्र खोली, तीही कूलरसकट! आमच्या घरी कूलरसमोर बसायला भावंडांत मारामाऱ्या होत.

व्यवस्थापक नत्थुजी गोड बोलतात. डॉक्टर दर गुरुवारी अमरावतीहून येतात, बाकीचे सहा दिवस गोळ्या वेळेवर गेल्या की काम झालं, असं त्यांनी सांगितलं. रुजू होताना माझीही फाइल केली. तपासणीत इसीजी होता. मी कपडे काढायच्या विचारानं अवघडले, तर ते म्हणाले की राहू द्या, तो कागद आम्ही लावून घेतो. सुटले!

‘सध्या चालू औषधं’ या रकान्यात मी ‘नाही’ लिहिलं. माझी छोटी पांढरी गोळी कॅल्शियमच्या डबीत आहे आणि तिथेच राहील. आई गेल्यावर छाती धडधडायची, श्वास कोंडायचा, तेव्हापासून दोन वर्षं घेते आहे. अकोल्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की कोणतंही दुसरं औषध घेताना हिचं नाव सांगायचं. सांगते! आणि मनोरुग्णांची नर्सच गोळीवर म्हटल्यावर ही माणसं मला कुठल्या रांगेत उभं करतील?

५ मे, रविवार.

इथला दिवस थाळीनं सुरू होतो. भागीरथा मावशी वीस वर्षं इथे कामाला आहे, कानानं अधू. बरोबर साडेपाचला स्टीलची थाळी आणि लोखंडी झारा घेऊन ती खालून निघते आणि प्रत्येक दारात उभी राहून दणदण वाजवते. झोपेच्या गोळ्यांनी जड झालेली माणसं एरवी उठत नाहीत म्हणे. थाळी झाल्याशिवाय फाटकाचं कुलूपही निघत नाही. पहिल्या दिवशी मी खाटेवरून पडायची बाकी होते. आता हसू येतं.

शाइस्ताशी गट्टी जमली. चौतीस वर्षांची, अमरावतीत शिवणकाम करायची. तिला आवाज ऐकू येतात, त्यावर गोळ्या चालू आहेत. माझ्या ओढणीचा उसवलेला काठ तिनं न मागता टाचून दिला. तिची एकच तक्रार. थाळी वाजली की काळीज थांबतं आणि मग भलतंच पळतं, असं म्हणते. मी म्हटलं, अगं माझंही पळतं.

९ मे, गुरुवार.

टँकरचं पाणी बाधलं. अख्ख्या केंद्राला उलट्या-जुलाब, मलाही. डॉक्टरांनी सरसकट तीच अँटिबायोटिक आणि तीच उलटीची गोळी लिहून दिली. मला विचारलं की दुसरं काही चालू आहे का. नत्थुजी शेजारीच उभे होते. मी नाही म्हणाले.

सकाळी थाळीच्या वेळी शाइस्ता कोसळली. मिनिटभरात उठली, ओठ पांढरे. नत्थुजी म्हणाले की तिला भावानं घरी न्यावं म्हणून हे चाललंय. माझंही पोट मुरडत होतं, डोकं फिरलेलं होतं. मी नोंदवहीत लिहिलं : ‘नाटकं करते. लक्ष देऊ नये.’

माझ्याच अक्षरात.

१३ मे, सोमवार.

शाइस्ता गेली.

साडेपाचला. मी तिच्याच खोलीत होते. थाळीचा पहिला ठोका पडला, ती दचकून उठून बसली, माझ्याकडे पाहिलं आणि आडवी झाली. नाडी हाताला लागली नाही. पंचवीस मिनिटं छाती दाबत होते. मावशी पुढच्या दारात थाळी वाजवत निघून गेली. तिला कळलंच नाही.

डॉक्टरांनी फोनवर सांगितलं की हृदयविकार, नशीब. भाऊ दाऊद आला होता. आधी काही त्रास होत होता का, असं त्यानं मलाच विचारलं. मी नाही म्हणाले. लाज वाटते मला माझी.

१४ मे, मंगळवार.

शाइस्ताची फाइल काढली. इसीजी स्वच्छ. उजव्या कोपऱ्यात कुणाच्या तरी बोटाचा राखाडी ठसा, सहावा ठोका जरा तिरका. शेजारच्या खाटेची फाइल उघडली. तोच ठसा, तोच तिरका ठोका. मग सगळ्या उघडल्या. एकतीस फायली, एकाच पट्टीची झेरॉक्स. बत्तिसावी माझी. माझ्यातही तीच.

नर्सिंगला शिकलेलं आठवलं. ठोका देऊन झाला की हृदयाला पुढच्यासाठी तयार व्हायला ठरावीक वेळ लागतो. मनाच्या काही गोळ्या तो वेळ लांबवतात. बहुतेकांना काहीच होत नाही, आणि इसीजी काढला तर आधी कळतं, गोळी बदलता येते. पण त्यात तशीच अँटिबायोटिक पडली, उलटीचीही तशीच पडली, जुलाबानं पोटॅशियम उतरलं, की हृदय ठोका न देता नुसतं थरथरत राहतं. काहींना तेवढ्यासाठी एक मोठा आवाजही पुरतो.

हे सगळं शाइस्ताला लागू होतं. माझी पांढरी गोळीही त्यातलीच आहे.

१५ मे, बुधवार. दुपार.

अँटिबायोटिक बंद केली. उलटीची बंद केली, पांढरीही. जुलाब थांबत नाहीत. मघाशी जिन्यात डोळ्यांपुढे अंधार आला—

नत्थुजींना पट्टीचं विचारलं. सरळ सांगितलं त्यांनी : ती त्यांची स्वतःची आहे, जुनी. तब्येत एकदम ठणठणीत तेव्हाची. म्हणजे एकतीस माणसांच्या छातीत कागदावर हा माणूस धडधडतो आहे.

मी तक्रार करीन म्हटलं. त्यांनी खणातून, माझ्या खोलीतून उचललेली कॅल्शियमची डबी काढून टेबलावर ठेवली. “डोक्याची गोळी तुमी खाता मॅडम, अन् चूक आमची काढता? कोण आयकन तुमचं?”

उद्या जाते इथून. मला इथे सोडणाऱ्या फुरकानचा ऑटो सकाळी सहाला सांगितला.

मावशीला हात जोडले, ओरडून सांगितलं, थाळी नको, शाइस्ता त्या आवाजानंच गेली. ती भडकली. “वीस वर्सं झाले वाजवून राहिली. थाळीनं कोणी मेलं काय? तू कालची आली अन् मले शिकवून राहिली?”

१५ मे. रात्री साडेआठ.

फोन आठलाच कार्यालयात जमा झाले, नियमाप्रमाणे. नत्थुजी फोनच्या खणाची किल्ली घेऊन घरी गेले. इसीजीचं मशीन कपाटात सापडलं. स्वतःला तारा लावल्या. पट्टी निघाली. ठोक्यानंतर तयार व्हायच्या वेळेचा आकडा बाईला ४६० मिलिसेकंदांच्या आत हवा.

माझा ५३८.

मावशीला पट्टी दाखवली. फाटक उघड, दवाखान्यात जाऊ दे. पाहिलंही नाही तिनं. फाटक थाळी झाल्यावर उघडतं, म्हणाली. आणि म्हणाली, नाटकं करते.

माझाच शब्द.

१६ मे, गुरुवार. पहाटे ५.१५

दोनदा बेशुद्ध पडले. दुसऱ्यांदा किती वेळ, माहीत नाही. ठोका चुकतो, मग तीन-चार एकदम—

दाराला आतून कडी नाही. उशी कानावर बांधली आहे. आवाज येतोच.

५.२४

दचकायचं नाही. कळलं आहे ना काय वाजणार, मग दचकायचं नाही—

शाइस्तालाही कळलेलं होतं. रोज.

५.३०

सुरू झाली. खालून. पहिलं दार. दुसरं.

कोणी वाचलं तर— फाइलमधली पट्टी माझी नाही. शाइस्ताचीही नाही. खरी या वहीत टाचली आहे, तिच्याच सुईनं. दाऊदला सांगा ती नाटकं करत नव्हती. मी खोटं लिहि—

जिना चढते आहे. चपला.

माझी खोली शेवटची. शेजारचं दार झालं.

थांबली. माझ्या दाराशी. वाजवत नाही. मावशी, नको गं—

दार ढकललं. बांगड्या वाजल्या. झाऱ्याचा हात वर