आबा, ते फेफरं नव्हतं

आबा, ते फेफरं नव्हतं. तेव्हा सांगितलं होतं, आजही सांगते, आणि आता तुम्ही हात वर करून मला गप्प बसवू शकत नाही.

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. मी मिरजेत नर्सिंग शिकत होते आणि पहिल्याच ऑपरेशनला उभी राहिले ती रक्त बघून कोसळले. ही बातमी रहिमतपूरला कुणी पोचवली देव जाणे, पण तुम्ही हॉस्टेलच्या दारात हजर. पलटणीतून सुभेदार होऊन आलेला माणूस, टेकलासुद्धा नाहीत. "आपल्या घरात कवा कुनी पडलं न्हाई. पेटी भर. फेफऱ्याची पोर म्हनून बोभाटा झाला तर तुला करून घेनार कोन?" लहानपणी शाळेत झेंड्यापुढे उभी असताना पडले, तेव्हाही तुम्ही मला उचलून उभं केलंत, नाकाला कांदा लावलात, आणि मी पुन्हा पडले. उभं केलंत म्हणूनच पडले, आबा. आम्हाला शिकवणाऱ्या सिस्टरांनी मला ते समजावलं होतं. रक्त बघून, सुईनं, नाहीतर फार वेळ ताठ उभं राहून काहींच्या काळजाचे ठोके मंदावतात, नसा सैल पडतात, रक्त पायांत उतरतं आणि डोक्याला क्षणभर कमी पडतं. आडवं झालं की माणूस आपोआप शुद्धीवर येतो. भित्रेपणा नाही, बाहेरचं नाही. "मांड्या आवळून धर, आणि घाम फुटला की सरळ खाली बस, लाजू नकोस," त्या म्हणाल्या होत्या. तुमच्या पलटणीतही उन्हात ताठ उभे राहून जवान पडत असणारच. तुम्ही घरी सांगितलं नाहीत, एवढंच.

हे सगळं मी दारातच तुम्हाला सांगितलं. "त्यांचं काय जातंय बोलायला. चल," तुम्ही म्हणालात. "मी न्हाई येत, आबा." जन्मात पहिल्यांदा तुम्हाला नाही म्हणाले. तुम्ही एकटेच एसटीत बसलात आणि पुढं कित्येक दिवाळ्या माझ्याशी बोलला नाहीत. मी पुढच्या ऑपरेशनला मांड्या आवळून उभी राहिले. घामानं भिजले, पण पडले नाही.

मग हर्नियासाठी तुम्हाला सांगलीला आणलं, मी नोकरीला होते त्याच दवाखान्यात. रक्त काढायला मीच येते. सुई टोचते आणि तुम्ही जांभई देता. ओठांवर घाम, तोंड चुन्यासारखं पांढरं. मला काय ते कळतं. खुर्चीवरून घसरायच्या आत मी तुम्हाला जमिनीवर निजवते, पाय उचलून धरते. डोळे उघडून तुम्ही छताकडे बघत म्हणता, "सकाळपास्नं च्या घेतला न्हाई, म्हनून." मी "व्हय आबा" म्हणते. घरात कधी कुणी पडलं नव्हतं ना? माझं हे कुणाकडून आलं ते त्या दिवशी मला कळलं, आणि तुम्हालाही. तुम्ही कबूल न करताच गेलात. राहू दे, दोघांच्या वतीनं मी करते.

एकच सांगायचं राहिलं. तुम्ही शुद्धीवर आलात, तोंडावर रंग आला, तरी मी तुमचे पाय लगेच खाली ठेवले नाहीत. गरज नव्हती. उगीच धरून बसले होते.