मागच्या दारची कॉफी

अमरावती, मंगळवार, १२ जानेवारी १९३७

आळीतल्या कॉफीच्या हॉटेलात रोज जी नानकटाई संपते, ती माझी आई घरी निखाऱ्यांवर भाजते. आज तिला एकदाच तिथे बसून कॉफी प्यायची होती. धुवट लुगडं नेसून माझ्याबरोबर आली. बाकावर टेकली, तोच मालक आले. "माई, तुमी मागल्या दारानं या. इथं वकीलसायेब बसतात." वकीलसाहेब आईचीच नानकटाई कॉफीत बुडवत होते. आईचीच!

आई उठली आणि मागे भट्टीपाशी उभ्यानेच प्यायली. घरात शाळेत गेलेली मी एकटी, आणि मीही तिच्यामागून मागच्या दाराने गेले. का?

घरी येताच ओरडले, "उद्यापासून त्यांना एकही द्यायची नाही!" मग वाटलं, हे ठरवणारी मी कोण? धगीपुढे बसते ती.

आई म्हणाली, "नाहीच देत. उद्या अंगनात बाज टाक. कोनाले खायची असन, तो इथं येऊन बसन. आन् त्याची कॉफी तं पानचटच होती, पोरी."

ती हसली. मला हसू आलं नाही. बाज मी आत्ताच बाहेर काढली.