मागच्या बाकावरची मुलगी

बाई, सोमवारी मला दोन ओळी लिहून द्यायच्या आहेत आणि त्या दोन ओळींसाठी मी आठवडाभर अडून बसले आहे. तुम्ही जळगावला शिकवायचात तोच विषय मी आता धुळ्याच्या अध्यापक महाविद्यालयात शिकवते, आणि या वयात पीएचडीचं लचांडही मागे लावून घेतलंय. विषय तुम्हाला आवडला असता, अभिरूप पाठ. तुमच्या वेळी वर्गातल्याच मुली बाकांवर विद्यार्थी होऊन बसायच्या. आता संगणकाच्या पडद्यावर वर्ग भरतो आणि भावी शिक्षक त्याच्यासमोर उभे राहून शिकवतात. पडद्यावरचं कोणतं मूल कसं वागेल, कोण चुकेल, कोण खिडकीबाहेर बघत बसेल, हे सगळं मी लिहिते. मार्गदर्शक सर म्हणाले, मागच्या बाकावरची ती उशिरा बोलणारी मुलगी कुठून सुचली, तेवढं प्रस्तावनेत घाला.

आमचे पाठ म्हणजे शुद्ध नाटक होतं. आदल्या संध्याकाळी वसतिगृहात उत्तरांच्या चिठ्ठ्या वाटायच्या, वर केळ्याच्या वेफर्सची लाच द्यायची, की दुसऱ्या दिवशी सगळा वर्ग हुशार. माझा पाठ बाष्पीभवनाचा होता. ओले कपडे वाळतात तेव्हा पाणी कुठे जातं, असं मी विचारते आणि चिठ्ठीवाल्यांचे हात वर होतात. तेवढ्यात निरीक्षणाची वही मिटून तुम्ही उठता, मागच्या बाकावर जाऊन बसता आणि हात वर करता. तुम्हाला कुठली चिठ्ठी दिलेली असणार! तुम्ही उभ्या राहून हळूच म्हणता, "पानी उडी जास, बाई. मी रोज दखस." सगळ्या मुली खदखदून हसतात. माझे कान तापतात आणि मी म्हणते, "मला काही कळलं नाही. नीट मराठीत सांग, नाहीतर खाली बस." तुम्ही खाली बसलात. तास संपेपर्यंत मान वर केली नाहीत. माझ्या टाचणवहीत लाल शाईने एवढंच लिहिलंत, "एक मूल खाली बसले, ते उठले नाही."

मधल्या सुट्टीत तुम्ही मला बोलावून घेतलंत. मला वाटलं, आता खरडपट्टी निघणार. तुमच्या डब्यात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी होती. आदल्या दिवशी माझी आई सोनगीरकडून एसटीने आली होती, तिनेच तुमच्यासाठी आणलेली. ती आली की तुम्ही पायरीवर तिच्याशेजारी बसून तासभर आमच्या घरच्या बोलीत गप्पा मारायचात, घरचं-शेतातलं सगळं, तिच्या शब्दात बठ्ठं, आणि मी कुणी बघत नाही ना, म्हणून इकडेतिकडे बघायचे. तुम्ही भाकरी मोडून अर्धी माझ्या हातावर ठेवलीत आणि विचारलंत, "तुला खरंच कळलं नव्हतं का गं?" मी म्हणाले, नाही बाई. तुम्ही उरलेली भाकरी खायला लागलात. त्यानंतर हा विषय तुम्ही कधीच काढला नाहीत, आणि तुम्ही गेलात तेव्हा मी बोदवडच्या शाळेत होते, मला चार दिवसांनी कळलं.

पडद्यावरची मुलगी प्रश्न विचारल्यावर बराच वेळ गप्प राहते. प्रोग्राम लिहिणारी सहकारी म्हणाली होती, मॅडम, लोकांना वाटेल मशीन हँग झालं. झालंही तसंच. पहिल्या चाचणीत एकामागून एक विद्यार्थिनी येऊन सांगत होत्या की मागची मुलगी बिघडली आहे. मी हसले, पण दुखलं. मग गेल्या आठवड्यात शिरपूरकडची एक विद्यार्थिनी आली. तिने प्रश्न विचारला आणि ती थांबली. घाई केली नाही, पडद्याच्या जरा जवळ सरकली. मुलगी बोलली, "पानी उडी जास." आवाज माझाच आहे, मीच रेकॉर्ड केलाय. त्या विद्यार्थिनीने क्षणाचाही विचार न करता विचारलं, "हाव, पन उडीसन कोठे जास?" आणि तिथून ती ढगांपर्यंत पोचली, बाष्पीभवन हा शब्द तिने सगळ्यात शेवटी सांगितला. मी व्हरांड्यात जाऊन रडले. तुम्ही हे बघायला हव्या होतात, बाई. मला तुमची फार आठवण येते. कॉलेज सुटल्यावर कधी कधी मी एकटीच त्या पडद्यासमोर उभी राहते, तोच प्रश्न विचारते आणि थांबते. उत्तर माझ्याच आवाजात येणार हे माहीत असतं, तरी दर वेळी तुमचा आवाज येईल असं वाटतं.

प्रस्तावनेत मी आत्ताच लिहिलं, "ही भूमिका संशोधिकेच्या अनुभवातून आली." सरांना तेवढं पुरेल. हा कागद मात्र मी त्या जुन्या टाचणवहीत, तुमच्या लाल शेऱ्याच्या पानात ठेवणार आहे. तुम्ही भाकरी देऊन विचारलं होतंत, त्याचं उत्तर राहिलंय.

माले समजनं व्हतं, बाई. बठ्ठं समजनं व्हतं.